घरचा रस की दुकानातला? एका ग्लासाचा खरा खर्च काढायची पद्धत

‘मोसंबी साठ रुपये किलो आणि रसाचा ग्लास पन्नासला, म्हणजे घरी काढला की निम्म्याहून कमी पैशांत भागतं.’ असा हिशेब बऱ्याच घरांत मांडला जातो आणि त्या जोरावर तीन हजारांचा जूसर घरात येतो. महिनाभर तो रोज सकाळी घरघरतो, मग माळ्यावर जातो. दुसऱ्या बाजूला ‘एवढा पसारा कोण आवरणार, बाहेरचाच बरा’ म्हणणारे लोक बर्फाचे पैसे रसाच्या भावाने देत राहतात. दोघांची चूक एकाच जागी होते. किलोचा भाव आणि ग्लासाचा भाव शेजारी ठेवून काहीच कळत नाही, कारण मधे रसाचा उतारा (फळाच्या वजनाच्या किती टक्के रस निघतो), बर्फ, पाणी, यंत्राची किंमत आणि फेकून दिलेली फळं असतात.

खाली मोसंबी धरून पूर्ण पद्धत दिली आहे, कारण जवळपास प्रत्येक रस सेंटरवर ती मिळते आणि घरीही तीच जास्त काढली जाते. इतर फळांचं शेवटी येईल. लेखातले भाव उदाहरणादाखल आहेत. पुण्यातल्या मंडईत, नागपुरात आणि पणजीत ते वेगळे असणार, आणि त्याच मंडईत दोन महिन्यांनी पुन्हा वेगळे. पद्धत तीच ठेवा, आकडे तुमचे घाला.

तयारी: काय काय हाताशी हवं

स्वयंपाकघरातला वजनकाटा, मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं, गाळणी आणि एक वही. एवढं पुरे. मापाचं भांडं नसेल तर लहान मुलाची दुधाची बाटली चालते, तिच्यावरच्या खुणा बऱ्यापैकी बिनचूक असतात. काटा बरोबर आहे की नाही याची शंका असेल तर न फोडलेलं एक किलोचं मिठाचं पाकीट ठेवून पाहा.

आधी हे तपासा: ‘ग्लास’ हे माप नाही. घरातले स्टीलचे ग्लास पाण्याने भरून मोजा. कुणाचा १८० मिलिलिटरचा निघेल, कुणाचा ३००चा. दुकानातल्या ग्लासाचंही तेच, आणि त्यात जाड तळ असला की दिसतो मोठा, मावतं कमी. म्हणून या लेखात सगळीकडे एकच एकक आहे: १०० मिलिलिटर निव्वळ रसाला किती रुपये.

टप्पा १: तुलना कोणत्या रसाशी करायची ते ठरवा

‘विकतचा रस’ म्हणून लोक तीन निरनिराळ्या गोष्टी मोजतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पहिला म्हणजे रस सेंटरवर किंवा हातगाडीवर डोळ्यांसमोर काढलेला. घरच्या ताज्या रसाची खरी तुलना याच्याशी.

दुसरा पाकिटातला. इथे लेबल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयात फळाचा अंश किमान १० टक्के असला तरी नियमात बसतं. लिंबाच्या पेयाला तर ५ टक्केही पुरतात. वीस रुपयांच्या २०० मिलिलिटर पाकिटात फळाचा अंश १५ टक्के लिहिला असेल तर त्यात ३० मिलिलिटर रस आहे, बाकी पाणी आणि साखर. त्याचा भाव १०० मिलिलिटर फळरसाला सदुसष्ट रुपयांच्या घरात गेला! हे पेय घरच्या रसापेक्षा ‘स्वस्त’ ठरवणं म्हणजे ताकाची किंमत दह्याला लावणं. ‘ज्यूस’ असं लिहिलेल्या खोक्यांतही पुष्कळदा आटवलेल्या रसात पाणी घालून पुन्हा पातळ केलेला रस असतो. अशा रसावरचा ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२४ साली सांगितलं. किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर वरून घातली असेल तर ‘स्वीटन्ड ज्यूस’ असं लिहावं लागतं. तेव्हा पुढचा दर्शनी भाग सोडा, पाकीट उलटं करा आणि घटकांची यादी वाचा. पहिलं नाव पाण्याचं असेल तर काय ते समजा.

तिसरा म्हणजे मोठ्या शहरांत मिळणारा बाटलीबंद कोल्ड प्रेस रस, म्हणजे वेगाने न फिरवता हळू दाबून काढलेला. तो महाग असतो, पण त्यात बर्फ नसतो आणि बाटलीवर माप छापलेलं असतं. त्यामुळे त्याचा हिशेब सगळ्यांत सोपा: किंमत भागिले मिलिलिटर.

तुम्ही आत्ता यातलं जे खरोखर विकत घेता, त्याच्याशीच तुलना करा. घरात आठवड्याला दोन पाकिटंच येत असतील तर रस सेंटरचा पन्नास रुपयांचा ग्लास हिशेबात धरून जूसरची खरेदी पटवून घेऊ नका. तो पैसा वाचणारच नाही, कारण तो खर्च होतच नव्हता.

टप्पा २: विकतच्या ग्लासात रस किती, ते मोजा

नेहमीच्या दुकानातून एक ग्लास पार्सल घ्या. बर्फ नेहमीसारखाच असू द्या, कारण रोज आपण तसाच पितो. घरी आल्याबरोबर गाळणीतून मापाच्या भांड्यात ओता. बर्फ वितळायच्या आत ओतायला हवं, नाहीतर बर्फाचं पाणी रस म्हणून मोजलं जाईल. घर लांब असेल तर भांडं आणि गाळणी पिशवीत घालून न्या. रसवाला एकदा विचित्र नजरेने पाहील, एवढंच.

तीनशे मिलिलिटरच्या ग्लासात बर्फ काढल्यावर १८० ते २०० मिलिलिटर राहिलं तर त्यात नवल नाही. आपण १९० धरू. पन्नास रुपये भागिले १९०, गुणिले १००, म्हणजे १०० मिलिलिटरला सव्वीस रुपये.

यातही साखरेचा पाक आणि पाणी असू शकतं. ते घरी वेगळं काढता येत नाही, पण रस समोर काढून घेतला तर दिसतं. ‘बिनबर्फाचा, बिनसाखरेचा द्या’ असं सांगून पाहा. काही ठिकाणी तेवढ्याच पैशांत ग्लास काठोकाठ भरून मिळतो, काही ठिकाणी दहा रुपये जास्त पडतात, काही ठिकाणी ग्लास अर्धाच येतो. प्रत्येक बाबतीत १०० मिलिलिटरचा भाव पुन्हा काढा. दहा रुपये जास्त देऊनही बिनबर्फाचा स्वस्त पडतो असं पुष्कळदा निघतं: साठ रुपयांत २८० मिलिलिटर मिळाला तर तो एकवीस-बावीस रुपयांना आला.

तपासणी: वहीत आता दोन आकडे हवेत, ग्लासाची किंमत आणि बर्फ काढल्यानंतरचे मिलिलिटर. दुसरा आकडा अंदाजाने लिहिला असेल तर पुढचं सगळं वाया.

टप्पा ३: खरेदी, म्हणजे निम्मा हिशेब इथेच

ऊसपट्ट्यात साखरेचा उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तरी चर्चा होते. आपण मात्र मोसंबी घेताना फक्त भाव विचारतो. साठ रुपयांची रसाळ मोसंबी आणि पन्नासची जाड सालीची यांत पन्नासची महाग पडू शकते.

निवडताना सालीचा रंग बाजूला ठेवा. हिरवी मोसंबी कच्चीच असते हा समज चुकीचा आहे. साल पिवळी व्हायला रात्री गार लागतात, त्यामुळे पावसाळ्याच्या शेवटी येणारी आंबे बहाराची (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) फळं हिरवट दिसली तरी आतून तयार असतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण ढिगावर ‘जालना’ लिहिलेली पाटी उताऱ्याची हमी देत नाही. हाताला विचारा: सारख्या आकाराची दोन फळं दोन हातांत धरा, जड लागेल ते घ्या. साल गुळगुळीत, बारीक छिद्रांची आणि घट्ट हवी. खरबरीत, फुगीर आणि दाबल्यावर आत पोकळ वाटणारं फळ कितीही मोठं असलं तरी नको.

आकाराच्या मागे लागू नका. टोपलीत वर रचलेली मोठी, चकचकीत फळं खाण्यासाठी किंवा कुणाला द्यायला. रसाला मध्यम आणि लहान चालतात, आणि ती किलोमागे स्वस्त असतात. सालीवर वाऱ्याने घासल्याचे करडे डाग असतील तर भाव कमी होतो, रस होत नाही. मऊ पडलेला, ओलसर डाग मात्र वेगळा. तिथे कुज सुरू झालेली असते.

डझनाने मिळत असेल तर एक डझन तोलून घ्या आणि किलोचा भाव काढा. दोन गाड्यांवरचे डझन कधीच सारखे नसतात.

मोसंबीचे दोन मुख्य बहार आहेत. आंबे बहाराची फळं पावसाळा सरताना सुरू होतात आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत येतात. मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. बहार जोरात असताना भाव उतरतो. मे महिन्यात, नेमकी तहान लागते तेव्हा, घरचा हिशेब सगळ्यांत वाईट येतो.

सावधान: मार्केट यार्डातून अख्खं कॅरेट आणलं की किलोला दहा-पंधरा रुपये वाचतात खरे, पण वीस किलो मोसंबी चार माणसांच्या घरात दोन आठवड्यांत संपत नाही. शेजारी वाटून घेणारे असतील तरच कॅरेट उचला.

टप्पा ४: एक किलोवर उतारा काढा

हा प्रयोग एकदाच नीट करायचा. क्रम बदलू नका. पुढच्या चुका बहुतेक क्रम बदलल्यानेच होतात.

१. फळं फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा. गार फळातून रस कमी सुटतो.

२. धुवा, पुसून कोरडी करा आणि मग तोला. एक किलोला साधारण पाच-सहा मध्यम फळं बसतात.

३. ओट्यावर तळहाताखाली दाबून प्रत्येक फळ चार-पाच वेळा फिरवा. आतल्या फोडी सैल होतात.

४. शंकूच्या जूसरवर किंवा हाताच्या दाबयंत्रात काढणार असाल तर फळ आडवं कापा, देठाकडून उभं नाही. आडवं कापलं की प्रत्येक फोड उघडी पडते. शंकूवर हलक्या हाताने फिरवा. पांढरी साल दिसू लागली की थांबा. शेवटचा चमचाभर रस काढायच्या नादात पांढरी साल खरवडली जाते आणि सगळा ग्लास कडू होतो.

५. जूसर-मिक्सरच्या जाळीत काढणार असाल तर साल पूर्ण सोला, फोडी करा आणि बिया काढा. बी भरडली गेली की कडवटपणा येतो आणि तो साखरेने जात नाही. सालीसकट टाकायचा आळस करू नका, सालीतलं तेल रसात उतरतं.

६. रस पाच मिनिटं स्थिर ठेवा, फेस बसू द्या. मगच मोजा. जाळीच्या जूसरमधून आलेल्या रसावर दोन बोटं फेस असतो आणि तो रस समजून मोजला की उतारा उगाच फुगतो.

७. मोजून झाल्यावर साखर, मीठ, पाणी. आधी नाही.

आलेले मिलिलिटर भागिले फळांचे ग्रॅम, गुणिले शंभर, हा तुमचा उतारा. मोसंबीला घरगुती साधनांनी ४० ते ४५ टक्के हा चांगला उतारा मानावा. पस्तीसच्या खाली आला तर फळ जाड सालीचं होतं किंवा हात घाईत होता. पन्नासच्या वर आला तर आधी फेस आठवा, मग काटा तपासा.

आपण ४२ टक्के धरू. म्हणजे २०० मिलिलिटरच्या ग्लासाला पावणेपाचशे ग्रॅम मोसंबी, अंदाजे तीन फळं. तीन मोसंबी सोलून एका बैठकीत कुणी खात नाही, एकात भागतं. रसाचा खर्च कमी करायचा सगळ्यांत सोपा उपाय खरं तर हाच आहे, आणि चोथाही पोटात जातो. पण लेख रसाचा आहे, म्हणून पुढे जाऊ.

सावधान: आंबट रस तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. ॲल्युमिनियमच्या दाबयंत्रातून काढलात तर लगेच काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्या आणि यंत्र धुऊन टाका.

टप्पा ५: यंत्राचा वाटा धरा

इथे बहुतेकांचा हिशेब मोडतो, कारण यंत्राची किंमत एकदा देऊन झाली की ती आपण विसरतो.

विजेची काळजी करू नका. पाचशे वॉटचा जूसर पाच मिनिटं चालला तर युनिटचा चोविसावा भाग जळतो. दहा रुपये युनिट धरलं तरी चाळीसएक पैसे. खर्च असतो तो यंत्राच्या खरेदीचा, आणि तो किती पडतो हे यंत्राच्या किमतीपेक्षा तुम्ही ते किती वेळा काढता यावर ठरतं.

तीन हजारांचा जूसर आठवड्यातून दोनदा, तीन वर्षं वापरला तर तीनशे वेळा होतो. प्रत्येक वेळेचा वाटा दहा रुपये. तोच जूसर वीस वेळा वापरून माळ्यावर गेला तर प्रत्येक वेळेचे दीडशे रुपये झाले. म्हणून खरेदीआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: घरात आत्ता धूळ खाणारी यंत्रं किती? सँडविच टोस्टर, रोटीमेकर, हॅण्ड ब्लेंडर... जूसरचंही साधारण तेच होईल असं धरून चला.

कोणतं यंत्र, हे फळावर ठरवा. फक्त मोसंबी-संत्री काढायची असतील तर चार-पाचशे रुपयांचं हाताचं दाबयंत्र किंवा विजेवरचा साधा शंकूचा जूसर पुरतो. दोन तुकडे धुवायचे, जाळीबिळी काही नाही. कलिंगड, खरबुजाला घरातला मिक्सर आणि गाळणी बस्स. गाजर, बीट, सफरचंद यांना जाळीचा जूसर लागतो.

कोल्ड प्रेस जूसरबद्दल विचारणारे खूप असतात. तो कठीण भाज्यांतून आणि पाल्यातून जास्त रस काढतो, चोथा कोरडा निघतो, हे खरं. पण तो पैसे ‘वसूल’ करतो का? गाजर चाळीस रुपये किलो धरा. जाळीच्या जूसरने ४५ टक्के उतारा आला आणि कोल्ड प्रेसने ५५ आला, तर किलोमागे १०० मिलिलिटर जास्त मिळाले, म्हणजे आठ-नऊ रुपयांचा रस. दोन यंत्रांच्या किमतीत सात हजारांचा फरक असेल तर तो भरून निघायला सुमारे आठशे किलो गाजरं लागतील. चव, कमी फेस, कमी आवाज यासाठी घ्यायचा तर खुशाल घ्या. बचतीच्या नावाखाली नको.

टप्पा ६: वाया जाणारं आणि वेळ

हिशेबात न येणारे तीन खर्च आहेत.

खराब निघालेलं फळ. पुढच्या चार खरेदींत किती फळं फेकली ते लिहून ठेवा आणि ते वजन एकूण वजनातून वजा करा. आठवड्याची फळं एकदम आणायची सवय असेल तर हा आकडा वाढतो.

न प्यायलेला रस. मोसंबीचा रस काढल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कडवट होऊ लागतो. तुमची चूक नसते. फळातला एक घटक रस निघाल्यावर हळूहळू कडू रूप घेतो. म्हणून ‘सकाळी एकदम काढून ठेवते, संध्याकाळी मुलं पितील’ हे मोसंबीला लागू नाही. गाजर, बीट, डाळिंबाचा रस ठेवायचाच असेल तर काचेची स्वच्छ बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत संपवा. अर्धी रिकामी बाटली ठेवली की आतल्या हवेने चव आणि रंग दोन्ही जातात. मुलांच्या डब्याबरोबर बाटलीत ताजा रस देऊ नका. मधल्या सुट्टीपर्यंत तो दप्तरातल्या उकाड्यात राहतो.

चोथा. गाजराचा चोथा थालीपिठात, पराठ्यात, कोशिंबिरीत छान जातो. पण हिशेबात त्याचे पैसे वजा करायचे तर तो खरंच वापरला जायला हवा. ‘पुढे कधीतरी करू’ म्हणून डब्यात घालून फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलेला चोथा शून्य धरा.

वेळ मोजताना सोलण्यापासून जाळी धुऊन पालथी घालेपर्यंतचा मोजा. रस काढायला दहा मिनिटं आणि आवरायला वीस, असं प्रमाण असतं. जाळीचा जूसर वापरल्याबरोबर नळाखाली धरून ब्रशने घासला तर तीन मिनिटांत स्वच्छ होतो. मावशी येतील तेव्हा घासतील म्हणून सिंकमध्ये ठेवला की चोथा जाळीच्या छिद्रांत वाळतो. मग त्या तारेच्या घासणीने घासतात, जाळी वाकते, आणि पुढच्या वेळी उतारा कमी येतो. स्वस्त जूसर लवकर बाद होण्याचं एक मोठं कारण हे वाळलेल्या चोथ्याचं आहे.

एका ग्लासासाठी यंत्र काढू नका. एका ग्लासाला आणि चार ग्लासांना धुणं तेवढंच लागतं.

टप्पा ७: हिशेब मांडा

रविवारी सकाळी चार माणसांना २०० मिलिलिटरचे चार ग्लास. मोसंबी दोन किलो, साठ रुपयांनी, १२० रुपये. एक लहान फळ खराब निघालं, राहिली १.९ किलो. उतारा ४२ टक्के, रस ८०० मिलिलिटर.

फळं: १२० रुपये
मीठ, थोडी साखर: २ रुपये
वीज: ५० पैसे
जूसरचा वाटा (तीनशे वापर धरून): १० रुपये
एकूण: १३२ रुपये ५० पैसे

म्हणजे १०० मिलिलिटरला साडेसोळा रुपये. दुकानातला सव्वीसला होता. आठशे मिलिलिटर दुकानातून आणला असता तर २१० रुपये लागले असते, तेव्हा सकाळी ७८ रुपये वाचले. पस्तीस मिनिटं लागली असतील तर तासाला १३५ रुपयांच्या आसपास. तुमच्या पस्तीस मिनिटांची किंमत तुम्ही ठरवा. रविवारी सकाळी ती कमी असते, सोमवारी साडेसातला भलतीच जास्त.

आता याच मांडणीत जूसरचा वाटा दहाऐवजी दीडशे घाला. एकूण २७२ रुपये ५० पैसे, १०० मिलिलिटरला चौतीस रुपये. घरचा रस दुकानापेक्षा महाग झाला! फळ तेच, दुकान तेच, बदललं ते फक्त यंत्र किती वेळा माळ्यावरून खाली आलं हे. दाबयंत्राने काढला असता तर वाटा दीड-दोन रुपयांवर येतो आणि घरचा रस निर्विवाद स्वस्त राहतो.

तपासणी: घरचा आणि दुकानातला आकडा यांत दोन-तीन रुपयांचाच फरक असेल तर तो फरक नाही असं समजा. फळ घेताना एवढा वर-खाली भाव होतोच.

टप्पा ८: फळागणिक काय करावं

कलिंगडाला घर. मधे दुसरा विचार नको. वीस रुपये किलोच्या कलिंगडातून साल काढून मिक्सरमध्ये फिरवलं तर किलोला ६०० मिलिलिटर सहज मिळतो, म्हणजे १०० मिलिलिटरला साडेतीन रुपयांच्या आत. बिया काढूनच फिरवा आणि मिक्सर दोन-तीनदा चालू-बंद करा. सलग फिरवलं की बियांचे उरलेले तुकडे भरडले जातात. विकतच्या ग्लासात सर्वांत जास्त नफा याच रसावर असावा, असं माझं मत.

उसाला दुकान. घरगुती यंत्रात ऊस घालायच्या फंदात पडू नका, तो लोखंडी चरकातच पिळला जातो. रसवंतीवर समोर पिळून घ्या, आलं-लिंबू घालून, बिनबर्फाचा, आणि तिथेच प्या. पार्सलचा रस घरी येईपर्यंत काळवंडतो आणि वास बदलतो. तिथे बर्फ घ्यायचाच असेल तर तो कुठून येतो ते पाहा. निळसर बर्फ खाण्याचा नसतो. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणूनच त्यात निळा रंग घालायचा नियम आहे.

डाळिंबाचा हिशेब अवघड. १४० रुपये किलोचं ‘भगवा’ जातीचं डाळिंब घेतलं आणि ३८ टक्के उतारा आला तर १०० मिलिलिटरला सदतीस रुपये पडतात, वर दाणे सोलायची अर्धा तास मजुरी. रसाला लहान आणि तडकलेली फळं शोधा, ती निम्म्या भावात मिळू शकतात. तडक ताजी आहे ना ते बघा. आत तपकिरी पडलेले, आंबूस वासाचे दाणे काढून टाका. मिक्सरमध्ये दाणे जोरात फिरवू नका, बिया फुटून तुरट होतो. दोन झटके द्या आणि गाळा. दुकानात २०० मिलिलिटर डाळिंबाचा रस पन्नास रुपयांत मिळत असेल तर थोडं थांबा. तेवढ्या रसाला अर्ध्या किलोहून जास्त फळ लागतं. दुकानदार घाऊक भावात लहान फळं घेतो हे धरलं तरी समोर काढून दाखवा म्हणायला हरकत नाही.

गाजर हिवाळ्यात, घरी. डिसेंबर ते फेब्रुवारी भाव पडलेला असतो आणि गाजर गोड. एक चूक इथे हमखास होते: जूसर नाही म्हणून मिक्सरमध्ये पाणी घालून वाटतात, फडक्यातून पिळतात आणि आलेला सगळा द्रव रस म्हणून मोजतात. घातलेलं पाणी आधी मोजा आणि वजा करा. चोथा एकदा पुन्हा जूसरमधून काढला तर गाजराला फायदा होतो. मोसंबीला होत नाही, कडूपणा तेवढा वाढतो.

दुधी भोपळ्याचा रस घरी काढणारे पुष्कळ आहेत आणि त्यात पैशांपेक्षा मोठा धोका आहे. कापल्यावर आधी एक छोटी फोड चाखा. किंचितही कडू लागली तर थुंका आणि अख्खा दुधी फेका. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होते आणि त्यात माणसं दगावली आहेत. दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नका. रस प्यायल्यावर उलटी, पोटात कळ किंवा जुलाब सुरू झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

हिशेब पुन्हा कधी करायचा

बहार बदलला की, दुकानाने ग्लास बदलला की, आणि जूसर घेऊन सहा महिने झाले की. तिसऱ्या वेळी फक्त वहीतले वापर मोजा. जूसर वापरला की तारखेची एक रेघ ओढायची, बाकी काही लिहायला नको. सहा महिन्यांत पन्नासेक रेघा असतील तर तीनशेचा अंदाज बरोबर होता. दहाच्या आत असतील तर जूसर अजून चालू स्थितीत आहे तोवर विकून टाका, आणि मोसंबीसाठी चार-पाचशेचं दाबयंत्र आणा.